पस्तिशीच्या आतलं, न वाजलेलं

संगीतरचनेच्या स्पर्धेचं नियमपत्रक हातात आलं की बक्षिसाची रक्कम मी सगळ्यात शेवटी बघतो. निवडलेल्या रचना वाजवणार का, कोण वाजवणार आणि तालमीला वेळ किती देणार, हे आधी शोधतो. एवढं पहिल्या पानावर सापडलं नाही की ते पत्रक माझ्यापुरतं संपलं. बाकी मग लाखाचं बक्षीस असो नाहीतर परदेशातल्या कुठल्या वाड्यात महिनाभर राहायची सोय असो.

ही पत्रकं कोल्हापुरात माझ्यापर्यंत येतात कशी, ते सांगायला हवं. मी घरी मुलांना हार्मोनियम आणि कीबोर्ड शिकवतो. तरुणपणी हौसेनं स्टाफ नोटेशनच्या परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे पाच रेघांवरचं वाचता येतं. एवढ्या भांडवलावर एक विद्यार्थिनी माझ्याकडं रविवारी येते. मंगळवार पेठेत घर, नोकरी शिरोलीच्या एका फौंड्रीच्या ऑफिसात, वडील भजनी मंडळात पेटी वाजवणारे. ती व्हायोलिन शिकली आणि मग मोबाईलवर कुठंतरी तिला हंगेरीच्या बार्टोक या संगीतकाराची स्ट्रिंग क्वार्टेट सापडली, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना. त्यानंतर तिनं जे लिहायला घेतलं ते थांबलेलं नाही. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनचा जरा मोठा, खालच्या आवाजाचा भाऊ), एक चेलो (त्याहून मोठा). सिनेमासाठी नाही, नाटकासाठी नाही, अल्बमसाठी तर नाहीच. चार माणसांनी बसून वाजवायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. जगभर असं संगीत लिहिणाऱ्या तरुणांसाठी स्पर्धा असतात, हे तिनंच शोधून काढलं. मी फक्त चष्मा लावून नियम वाचायचं काम करतो.

तिच्या वडिलांनी एकदा विचारलं, "सर, ह्ये बक्षीस कुस्तीगत लागतंय का लॉटरीगत?"

प्रश्न अस्सल कोल्हापुरी होता आणि उत्तर द्यायला मला वेळ लागला. खासबागेत पाठ मातीला लागली की पंचानं काही सांगायच्या आधी अख्ख्या मैदानाला कळतं. इथं पाच माणसं एका टेबलाशी बसून कागदांचा ढीग वाचतात. त्यांच्या डोक्यात जे वाजलं ते दुसऱ्या कुणाला ऐकू आलेलं नसतं. मग निकाल लागतो.

या प्रकारातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात बदनाम स्पर्धा म्हणजे फ्रान्सची 'प्री द रोम'. चित्रकार-शिल्पकारांसाठी ती आधीपासून होती. 1803 पासून संगीतकारांनाही तिची दारं उघडली आणि 1968 मध्ये ती बंद झाली. उमेदवारांना खोल्यांत कोंडून घालायचे. दिलेल्या कवितेवर गायक आणि ऑर्केस्ट्रासाठी कँटाटा, म्हणजे लांबलचक गायनरचना, लिहायचा, बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. जिंकला तर सरकारी खर्चानं रोमला. इथवर ठीक आहे. गंमत पुढं आहे. ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली ही रचना परीक्षकांपुढं पियानोवर वाजवून दाखवत, आणि अंतिम मतदानात चित्रकार, शिल्पकार, वास्तुकार असे अकादमीचे सगळे सभासद हात वर करत.

बेर्लिओझ हा फ्रेंच संगीतकार ऑर्केस्ट्राच्या रंगांतच विचार करणारा. 1827 साली त्याचा कँटाटा पियानोवर वाजवताना वादक अडखळला आणि रचना 'वाजवण्याजोगी नाही' असा शेरा मिळाला. 1828 ला दुसरं बक्षीस. 1829 ला तर पहिलं बक्षीस कुणालाच दिलं नाही. आपल्याकडं 2022 मध्ये पुरुषोत्तम करंडक कुणालाच द्यायचा नाही असं परीक्षकांनी ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवा. पॅरिसमध्ये हे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं. 1830 मध्ये बाहेर जुलैची क्रांती चालू असताना, गोळ्यांचे आवाज येत असताना, बेर्लिओझनं कोंडलेल्या खोलीत आपला कँटाटा पुरा केला आणि अखेर जिंकला. विषय होता राजा सार्दानापालचा, जो स्वतःला राजवाड्यासकट जाळून घेतो. परीक्षक बिचकतील म्हणून त्यानं आगीचा भाग स्पर्धेच्या प्रतीत घातलाच नाही. बक्षीस पदरात पडल्यावर घातला. आणि समारंभात, नेमक्या त्या जागी, हॉर्नवाल्यानं आपली जागा चुकवली. त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे गप्प राहिले आणि आग पेटलीच नाही. बेर्लिओझनं संतापून हातातली स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी लिहिलेली वही, वादकांच्या अंगावर फेकली, असं त्यानंच लिहून ठेवलंय.

मला यातली आग चुकल्याची गोष्ट फारशी महत्त्वाची वाटत नाही. परीक्षकांना रुचेल तेवढंच लिहायचं आणि खरं ते नंतर, ही जी तडजोड त्यानं केली ती आजही प्रत्येक अर्जात असते. विद्यार्थिनीच्या पहिल्या मसुद्यात शेवटचा भाग एकदम सुंदर, गोड, बेतशीर झाला होता. "हे तुझं नाही वाटत," मी म्हटलं. "सर, गेल्या वर्षीचे विजेते ऐकले मी. असंच लागतं त्यांना." मी काही बोललो नाही. पुढच्या रविवारी तो भाग तिनं स्वतःच काढला.

फ्रेंच संगीतकार राव्हेलचं प्रकरण तर या वर्तुळात सगळ्यांना माहीत असतं. पाचदा बसला, एकदाही पहिला आला नाही. 1905 मध्ये तो तिशीच्या उंबरठ्यावर होता, वयाच्या अटीमुळं शेवटची संधी होती. त्याचं स्ट्रिंग क्वार्टेट तोवर लोकांच्या कानावर पडून वर्ष उलटलं होतं आणि त्याला पहिल्याच फेरीत बाहेर काढलं. अंतिम फेरीत गेलेले सगळेच्या सगळे परीक्षक मंडळातल्या एकाच प्राध्यापकाचे विद्यार्थी निघाले. वर्तमानपत्रांत बोंबाबोंब झाली, पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे संगीत विद्यालयाच्या, संचालकाला जावं लागलं आणि त्याच्या जागी राव्हेलचे गुरू फोरे आले. हरलेल्या माणसामुळं संस्थेचा प्रमुख बदलला.

त्याहून मला बुलांझे बहिणींची गोष्ट जवळची वाटते. धाकटी लिली 1913 मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, संगीतातलं पहिलं बक्षीस मिळवणारी पहिली स्त्री ठरली आणि 1918 मध्ये वारली. थोरली नादिया 1908 मध्ये बसली होती. कंठसंगीतासाठी फ्यूग, म्हणजे एकच चाल वेगवेगळे आवाज पाठोपाठ उचलतात अशी रचना, लिहायचा होता, हिला दिलेली चाल वाद्यांना शोभणारी वाटली म्हणून हिनं सरळ वाद्यांसाठी लिहिला. परीक्षक खवळले. शेवटी दुसऱ्या क्रमांकावर बोळवण झाली. पुढं नादियानं लिहिणं सोडलं आणि शिकवायला लागली. विसाव्या शतकातले निम्मे मोठे संगीतकार तिच्या घरातून शिकून बाहेर पडले म्हटलं तरी फार अतिशयोक्ती नाही. त्यांत एक आपल्या मुंबईचा होता, वनराज भाटिया. 'तमस'च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते आपल्याला ठाऊक असतं. मैफिलीसाठी त्यांनी लिहिलेलं किती जणांनी ऐकलंय? जाहिराती, मालिका, सिनेमे यांना वादक मिळाले. कागदावरच्या पानांना ते त्या मानानं फार थोडे मिळाले.

आता परीक्षकांकडं येतो. जपानमध्ये संगीतकार तोरू ताकेमित्सु यांच्या नावानं एक पुरस्कार आहे. टोकियोत 1997 मध्ये एक नवं सभागृह उघडलं, ताकेमित्सु त्याचे सल्लागार होते, पण उद्घाटनाच्या आदल्याच वर्षी ते गेले. पुरस्कार 1997 पासूनच चालू आहे. पस्तिशीच्या आतल्यांनी ऑर्केस्ट्रासाठी लिहायचं. आणि परीक्षक एकच. दरवर्षी वेगळा, पण एकटा. पहिल्या वर्षी द्युतियो, मग लिगेटी, मग बेरिओ, सगळे जगभर नाव असलेले संगीतकार. आलेल्या सगळ्या स्कोअर त्यानंच वाचायच्या, अंतिम फेरीतल्या मोजक्या रचना पूर्ण ऑर्केस्ट्रा जाहीर मैफिलीत वाजवणार, आणि मग त्यानंच ठरवायचं.

एकच परीक्षक म्हणजे मनमानी, असं आपल्या डोक्यात लगेच येतं. मला उलट वाटतं. पाच जण बसले की ज्या रचनेवर कुणाचाच फारसा आक्षेप नाही ती वर येते. एकाला जी अतिशय आवडली आणि दुसऱ्याला अजिबात नाही, ती सरासरीत खाली जाते. एकटा माणूस चुकला तर स्वतःच्या नावानिशी चुकतो. लिगेटीनं निवडलं म्हणजे लिगेटीनं निवडलं. गावोगावच्या स्पर्धांच्या निकालानंतर 'मंडळाचं एकमत झालं नव्हतं' असं जे कानात सांगितलं जातं, त्याला तिथं जागाच नाही.

नाव झाकून वाचण्याची पद्धत आता बहुतेक ठिकाणी आहे. स्कोअरवर नावाऐवजी एखादं टोपणनाव घालायचं, खरं नाव पाकिटात बंद. यातला सगळ्यात भारी किस्सा पोलंडचा. 1959 मध्ये तरुण संगीतकारांच्या स्पर्धेत पेंडेरेत्स्की या पंचविशीतल्या पोरानं तीन वेगवेगळ्या रचना पाठवल्या. एक उजव्या हातानं लिहिली, एक डाव्या हातानं, तिसरी मित्राकडून उतरवून घेतली, असं सांगतात. पाकिटं उघडली तर वरची तिन्ही बक्षिसं एकाच नावावर. नाद खुळा! आज सगळ्यांच्या स्कोअर संगणकातून एकाच वळणात छापून येतात, त्यामुळं डाव्या हाताची गरज उरलेली नाही. पण नाव झाकलं तरी शाळा झाकता येत नाही. कुठल्या चिन्हांचा वापर, कुठली मांडणी, पानाची ठेवण कशी, यावरून जाणकाराला पोरगं कुठं शिकलंय ते कळतं. मंगळवार पेठेत शिकलेलंही कळत असणारच.

प्रवेश शुल्काबद्दल दोनच वाक्यं. पन्नास युरो म्हणजे आपले पाच हजारांच्या आसपास रुपये. समजा 200 जणांनी भरले तर 10,000 युरो जमले, त्यांतले 3,000 बक्षीस म्हणून दिले, आणि एकही रचना वाजवली नाही, तर त्या स्पर्धेत नक्की काय विकलं गेलं याचा हिशेब फौंड्रीच्या ऑफिसात बसणाऱ्या मुलीला मी शिकवायची गरज नव्हती.

वयाची अट मात्र मला सतावते. तीस, पस्तीस, क्वचित चाळीस. कारण समजतं. सुरुवात करणाऱ्याला हात द्यायचा तर रेघ कुठंतरी मारावीच लागणार. पण सुरुवात कुणाची कधी होईल याचा भरवसा नाही. चेक संगीतकार यानाचेकचा 'येनुफा' हा ऑपेरा त्याच्या ब्रनो शहरात रंगमंचावर आला तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता, आणि प्रागनं त्याला विचारलं तेव्हा साठीच्या पुढं. आपल्याकडचं बघा. अल्लादियाँ खाँसाहेबांचा जन्म 1855 चा. शाहू महाराजांच्या पदरी ते कोल्हापुरात आले तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. त्याआधी आवाज बसला, तो परत उभा केला, गायकीच नव्यानं बांधली. पस्तिशीच्या अटीत ते बसले नसते. त्यांना करंडक नव्हे, आश्रय मिळाला. दरबारात गायचं, शिकवायचं, आणि उद्या परत गायचं. आश्रयाचे तोटे मला ठाऊक आहेत. राजा गेला की गवई उघडा. तरी त्यात एक गोष्ट होती जी पुरस्कारात नसते, आणि ती म्हणजे उद्या.

ही गोष्ट ओळखलेल्या काही स्पर्धा आहेत. नेदरलँड्समध्ये 'गौदेआमुस' पुरस्कार 1957 पासून दिला जातो. तिथं नामांकन मिळालेल्यांच्या रचना महोत्सवात वाजतात आणि विजेत्याला मिळणारी रक्कम नवीन रचना लिहिण्यासाठीची असते, जी पुढं वाजवली जाते. म्हणजे बक्षीस घेतलं की कामाला लागायचं. माझ्या मते सगळ्या पुरस्कारांची रीत अशी हवी.

सगळ्यात विचित्र अट 'अप्रकाशित आणि यापूर्वी सादर न झालेली' ही. कितीतरी स्पर्धांत असते. पहिल्या प्रयोगाचा मान आयोजकांना हवा असतो. पण याचा अर्थ असा, की तुम्ही जे लिहिलंय ते तुम्ही ऐकलेलं नसलं पाहिजे. संगणकानं वाजवून दाखवलेलं तेवढं चालतं. म्यूझस्कोअरसारखं, लिहिलेले स्वर वाजवून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, चारही ओळी झकास वाजवतं, कधी थकत नाही. तिथंच घोटाळा आहे. संगणकाला हात नसतात.

म्हणून आम्ही एक खाजगी वाचन घडवून आणलं. राजारामपुरीत ओळखीच्यांच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, वाद्यवृंदांत आणि नाट्यसंगीताच्या साथीला वाजवणारे तीन व्हायोलिनवादक. चेलो कोल्हापुरात मिळाला नाही, तो मी कीबोर्डवर वाजवला. व्हायोलाही मिळाला नाही, त्याची ओळ तिसऱ्या व्हायोलिननं घेतली. व्हायोलाची जाडी तार व्हायोलिनच्या जाड्या तारेच्या पाच स्वर खाली लागते, त्यामुळं ओळ खाली उतरली की बिचारा वादक वरच्या सप्तकात उडी मारायचा. तिघं मांडी घालून, वाद्याचं डोकं पायावर टेकवून बसले. सा-प-सा-प लावलेली वाद्यं त्या दिवसापुरती पाश्चात्त्य पद्धतीनं जी-डी-ए-ई लावून घेतली. एकाला स्टाफ वाचता येत होतं, दोघांसाठी मी खाली सरगम लिहिली होती.

पहिल्या पानावरच थांबले. "बाळ, हितं बोटानं तार छेडायला सांगितलंयस आणि लगेच गजानं वाजवायला. गज धरायला उसंत कुठाय?" तिनं कागदाकडं बघितलं. संगणकानं ते शेकडो वेळा बिनचूक वाजवलं होतं. पुढं एका ठिकाणी ए आणि सी हे दोन स्वर एकदम होते. दोन्ही फक्त सगळ्यात जाड्या तारेवर, आणि एका तारेवर एका वेळी दोन स्वर निघत नाहीत. स्वतः व्हायोलिन वाजवणारी मुलगी, तरी लिहिताना ते सुटलं, कारण लिहिताना कान स्पीकरकडं होता.

मग सात मात्रांचा भाग आला. तीन-दोन-दोन. मी इंग्रजी आकडे मोजत समजावायला लागलो तर थोरले वादक म्हणाले, "ह्यो रूपक हाय की. सरळ रूपक म्हणा." आणि न मोजता वाजवायला लागले. फक्त एक झालं. तिनं प्रत्येक पहिल्या मात्रेवर जोर लिहिला होता. रूपकाची सम खालीची, म्हणजे पहिली मात्रा बिनजोराची. या तिघांच्या हातांना ती सवय इतकी मुरलेली, की पहिली मात्रा त्यांनी नकळत हलकी सोडली आणि सगळा भाग तरंगायला लागला. मी थांबवणार होतो. तिनं मला हातानं गप्प केलं. घरी जाऊन तिनं जोराची सगळी चिन्हं पुसली.

हे दोन तासांत झालं. गोविंदराव टेंबे आपल्या याच मातीतले. 1911 मध्ये 'मानापमान'च्या चाली त्यांनी दिल्या तेव्हा ते तिशीचे होते, हल्लीच्या भाषेत उदयोन्मुखच. पण नाटक कंपनीत तालमी होत्या. चाल बांधली की समोर गाणारा गळा होता, न पेलणारी जागा तिथंच बदलता येत होती. ते सुख आज स्ट्रिंग क्वार्टेट लिहिणाऱ्याला मिळवायला परदेशात स्पर्धा जिंकावी लागते, किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठून कुणाच्या तरी ओळखीनं वादकांपर्यंत पोचावं लागतं. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून आहे, पण मंगळवार पेठेतल्या मुलीनं तिथलं दार कुठल्या बाजूनं वाजवायचं?

या वाचनामुळं तिची रचना 'सादर झालेली' ठरते का, हा पेच होता. तिनं आयोजकांना मेल केला. जाहीर प्रयोग नसेल तर हरकत नाही, असं उत्तर आलं. वडील ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे लोकास्नी ऐकवायचं न्हाई, तरच बक्षीस?" तसंच, मी म्हटलं. ते हसले नाहीत.

मला आपल्या एकांकिका स्पर्धा आठवतात. राज्य नाट्य स्पर्धेची कोल्हापूर केंद्रावरची प्राथमिक फेरी आठवते. केशवराव भोसले नाट्यगृहात, 2024 च्या आगीआधी, किती रात्री खुर्च्यांवर काढल्या असतील. तिथं आलेला प्रत्येक संघ रंगमंचावर उभा राहतो. वाईट नाटकही होतं, चांगलंही होतं, पण पडदा सगळ्यांसाठी उघडतो. हरलेला लेखकसुद्धा आपलं वाक्य कुठं पडलं आणि कुठं हशा आला ते घेऊन घरी जातो. संगीतरचनेच्या स्पर्धांत दोनशेतले पाच वाजतात, उरलेल्यांना एक मेल येतो. 'या वर्षी दर्जा फार उंच होता' असा. या बाबतीत जगानं आपल्याकडून शिकावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं, आणि आपणही आपलंच नाटकाचं तत्त्व संगीताला लावून बघावं.

करंडक नको, परीक्षक नकोत, वयाची अट नको. वर्षातून दोन रविवार. चार वादक, त्यांचं रीतसर मानधन, प्रत्येक रचनेला दीड तास. लिहिणाऱ्यानं समोर बसायचं, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन. गावात गायन समाज देवल क्लब 1883 पासून आहे, विद्यापीठात संगीत विभाग आहे, तासाभराच्या अंतरावर मिरजेत सतार-तंबोरे घडवणारी घराणी आहेत, म्हणजे क्वार्टेटच कशाला, दोन व्हायोलिन, सतार आणि तंबोरा असंही कुणी लिहून आणू शकेल. खर्च काढून बघितला. तिच्या यादीतल्या तीन स्पर्धांच्या प्रवेश शुल्कात एक रविवार बसतो.

तिनं त्यातल्या दोन स्पर्धा यादीतून काढल्या आणि निवडलेलं सगळं वाजवणारी एक ठेवली. अर्ज गेलाय. पहिल्या रविवारची जुळवाजुळव चालू आहे, दोन व्हायोलिन नक्की झालीत, चेलोसाठी पुण्यातले एकजण येतो म्हणालेत. व्हायोलावाला अजून मिळालेला नाही. सांगली-बेळगावपर्यंत कुणी ओळखीचा असेल तर सांगा, येण्याजाण्याचं भाडं आणि तांबडा-पांढरा आमच्याकडं.